फुटबॉल स्टेडियमच्या चालकांना खुले पत्र : फाटकावर डबा अडवता, तर आतल्या खाण्यापिण्याची जबाबदारीही घ्या

प्रति,
फुटबॉल क्लबांची संचालक मंडळे, स्टेडियमचे व्यवस्थापक आणि स्पर्धा भरवणारे महासंघ

विषय : स्टेडियममध्ये प्रेक्षकांना मिळणारे खाद्यपदार्थ, पिण्याचे पाणी आणि बिअर यांबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मैदानावरच्या खेळाविषयी, प्रशिक्षकांच्या निर्णयांविषयी आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीविषयी तुमच्याकडे पत्रांचा ढीग येत असणार. मी लिहितो आहे ते प्रेक्षागाराच्या मागच्या बाजूला, जिन्यांखालच्या मोकळ्या जागेत लागणाऱ्या खाण्याच्या आणि बिअरच्या काउंटरांविषयी. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण सामना पाहायला आलेल्या साध्या तिकिटाच्या माणसाला स्टेडियमच्या लेखी आपली किंमत काय आहे, हे सर्वांत आधी त्या काउंटरवर कळते, म्हणून तो सविस्तर मांडतो.

फाटकावर आमच्या पिशव्या तपासल्या जातात. घरचा डबा, फळे, पाण्याची बाटली बाहेर ठेवायला सांगितले जाते; काही ठिकाणी बाटली आत नेऊ देतात, पण तिचे झाकण काढून घेतात, कारण झाकण लावलेली भरलेली बाटली गर्दीत भिरकावली तर ती दगडासारखी लागते. या नियमामागचा हेतू मला पटतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तो लागू होताच तुमचे आणि आमचे नाते बदलते. रस्त्यावरच्या एका दुकानातले खाणे आवडले नाही तर माणूस पुढच्या दुकानात जातो. स्टेडियममध्ये पुढचे दुकानही बहुधा त्याच कंत्राटदाराचे असते आणि एकदा बाहेर पडलेल्याला त्याच तिकिटावर सहसा परत आत घेतले जात नाही. सामन्याआधीचा वेळ, नव्वद मिनिटांचा खेळ, मध्यंतर, भरपाईचा वेळ आणि शेवटी गर्दी ओसरेपर्यंतची ताटकळ धरली, तर माणूस तुमच्या आवारात तीन तासांच्या आसपास असतो. एवढा वेळ दुसरीकडून खाण्यापिण्याची वाट तुम्ही बंद केलेली असते, तेव्हा खाण्याजोगे, परवडणारे आणि वेळेत हाती पडणारे अन्न पुरवणे ही तुमची बांधिलकी ठरते. त्याकडे निव्वळ कमाईची संधी म्हणून पाहण्याचा अधिकार तुम्हाला उरत नाही. या पत्रातले माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे.

सुरुवात पाण्यापासून करतो. एका स्टेडियममध्ये मी एका बाईंना काउंटरवर लहान मुलासाठी पेलाभर साधे पाणी मागताना पाहिले. विकतच्या बाटलीशिवाय पाणी देण्याची परवानगी आपल्याला नाही, असे काउंटरवरच्या मुलाने त्यांना ओशाळून सांगितले. त्यांच्या लहानग्याची बाटली फाटकावरच्या कचरापेटीत गेली होती. शेवटी त्या बाई स्वच्छतागृहातल्या हात धुण्याच्या नळावर गेल्या आणि रांगेतल्या एका गृहस्थांनी दिलेला रिकामा पेला धुऊन त्यांनी तो भरून आणला. हजारो माणसे उन्हात किंवा दाटीवाटीत बसलेली असताना, त्यांच्या जवळचे पाणी काढून घेणे आणि पर्याय म्हणून फक्त विकतचे पाणी ठेवणे, हे मला कोणत्याही हिशेबाने समर्थनीय वाटत नाही. प्रत्येक मजल्यावर, प्रेक्षकांच्या दारांपासून जवळ, पिण्याच्या पाण्याचे मोफत नळ असावेत, ते कुठे आहेत याच्या पाट्या खाण्याच्या जाहिरातींइतक्याच मोठ्या असाव्यात आणि रिकामी मऊ बाटली आत नेऊ द्यावी. बिअर विकणाऱ्या स्टेडियमवर तर हे बंधन दुप्पट आहे, कारण मद्य घेणाऱ्याला मधूनमधून पाणी मिळणे हा गर्दीच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

आता रांगेविषयी. फुटबॉलच्या नियमावलीतला सातवा नियम सांगतो की मध्यंतर १५ मिनिटांहून अधिक असू नये. तुमची सगळी खाद्यव्यवस्था या पंधरा मिनिटांच्या मापाने बेतलेली असायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी ती तशी नसते. साधा हिशेब करून पाहू. ४० हजार प्रेक्षकांपैकी निम्म्यांना मध्यंतरात काहीतरी हवे आहे आणि रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण आपल्याबरोबर आणखी एकाचे घेऊन जातो असे धरले, तर १० हजार व्यवहार होतात. एका व्यवहाराला ४५ सेकंद लागत असतील तर एका काउंटरवर पंधरा मिनिटांत २० व्यवहार उरकतात, म्हणजे ५०० काउंटर लागतात. जागेवरून उठून खाली यायला आणि परत जायला मिळून चार मिनिटे वजा केली, तर ही गरज सातशेच्या जवळ जाते. एवढी काउंटर उभारणे अशक्य आहे, हे मला कळते. पण तोच व्यवहार १५ सेकंदांवर आणला, तर पहिल्या हिशेबातला ५००चा आकडा १६७वर येतो. उपाय कुठे शोधायचा हे यातून दिसते : व्यवहार जलद करण्यात. पदार्थांची लांबलचक यादी, शोधून द्यावी लागणारी चिल्लर, मागणी आल्यावर ओतली जाणारी आणि फेस बसण्याची वाट पाहायला लावणारी बिअर, चटणी-सॉससाठी त्याच खिडकीपाशी होणारा खोळंबा, या प्रत्येकात दहा-वीस सेकंद जातात आणि त्यांची किंमत रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस उत्तरार्धातला गोल न पाहून मोजतो.

हे सुटू शकते, याची उदाहरणे तुमच्याच क्षेत्रात आहेत. २०१९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या टॉटनहॅम हॉटस्परच्या स्टेडियममध्ये पेल्याच्या तळातून बिअर भरणारी यंत्रे बसवली आहेत. पेल्याच्या बुडाला छिद्र असते आणि ते चुंबकाच्या चकतीने बंद होते. पेला यंत्रावर दाबला की चकती उचलली जाते, बिअर खालून भरते आणि पेला उचलताच छिद्र आपोआप मिटते. फेस कमी होतो आणि काउंटरवरच्या माणसाचे हात मोकळे राहतात. जर्मनीत गेल्सेनकिर्खेनच्या शाल्के क्लबच्या स्टेडियमने २००१ पासूनच वेगळी वाट धरली : तिथे बिअर मध्यवर्ती टाक्यांतून सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या नळ्यांमधून थेट काउंटरांपर्यंत येते, त्यामुळे ऐन गर्दीत पिंप संपले म्हणून विक्री थांबत नाही. प्रत्येक क्लबाला एवढा खर्च झेपणार नाही, हे उघड आहे. परंतु बिनमद्याच्या पेयांसाठी आणि पाण्यासाठी वेगळी खिडकी ठेवणे, किमती पूर्णांकात ठेवणे, मध्यंतराच्या पाच मिनिटे आधी सर्वाधिक खपणारे पदार्थ बांधून तयार ठेवणे, एवढे तर छोट्यात छोट्या क्लबालाही जमण्यासारखे आहे.

किमतींचा मुद्दा मांडला की कंत्राटदारांचे ठरलेले उत्तर येते : भाडे जास्त, वर्षातले सामन्यांचे दिवस मोजके, म्हणून दर चढे ठेवावेच लागतात. यात तथ्याचा अंश आहे. स्वयंपाकघर वर्षभर सांभाळायचे आणि चूल मोजक्याच दिवशी पेटवायची, हा धंदा सोपा नाही. पण त्यावरचे उत्तर एका मोठ्या प्रयोगाने दिलेले आहे. अमेरिकेत अटलांटा येथे २०१७ साली मर्सिडीज-बेंझ स्टेडियम सुरू झाले. तिथे अटलांटा युनायटेड हा फुटबॉल क्लब खेळतो आणि अमेरिकन फुटबॉलचा संघही खेळतो. मालक आर्थर ब्लँक यांनी तिथल्या खाद्यपदार्थांचे दर आधीच्या स्टेडियमच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आणले, कर धरून पूर्णांकातल्या किमती लावल्या आणि साधी पेये पुन्हा पुन्हा भरून घेण्याची सोय दिली. पहिल्या हंगामात अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांना प्रेक्षकांचा खाण्यापिण्यावरचा माणशी खर्च कमी होण्याऐवजी सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. लोक पोट भरून न येता भुकेले येऊ लागले, कुटुंबासाठी घेताना हात आखडेनासे झाले आणि सुट्या पैशांची देवघेव टळल्याने रांगाही पुढे सरकू लागल्या. तिथली गणिते प्रत्येक ठिकाणी जशीच्या तशी लागू पडतील असा माझा दावा नाही. मात्र ‘दर उतरवले तर बुडू’ हे विधान तपासून न पाहता वर्षानुवर्षे पुढे करत राहणे आता थांबायला हवे. त्याच स्टेडियमने २०१९ साली रोख पैसे घेणे बंद केले तेव्हा नोटांच्या बदल्यात भरणा-कार्ड देणारी यंत्रेही बसवली, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते. रोख बंद करायची आणि कार्ड नसलेल्या वृद्ध माणसाला किंवा खाऊचे पैसे घेऊन आलेल्या मुलाला उपाशी परत पाठवायचे, असे प्रकार होता कामा नयेत.

अन्नाच्या दर्जाविषयी मला थोडे परखड लिहावे लागेल. सामन्याच्या तासभर आधी तळून ठेवलेले, दिव्याच्या उबेवर सुकलेले बटाटे, वरून कढत आणि मधोमध गार असलेला मांसाचा तुकडा, वाफेने भिजून कागदाला चिकटलेला पाव, हे ज्याने वारंवार खाल्ले आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. यात चवीइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूचना साध्या आहेत : अन्न आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअसला शिजवावे, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत आणि शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजवून दूरच्या काउंटरवर नेल्या जाणाऱ्या अन्नाची नेमकी इथेच गफलत होते, कारण मधल्या ढकलगाडीत आणि काउंटरवरच्या पेटीत किती वेळ गेला याची नोंद कोणी ठेवत नाही. ही नोंद प्रत्येक काउंटरवर असावी आणि मागणाऱ्याला ती पाहता यावी. पदार्थात शेंगदाणे, दूध, गहू, अंडी यांपैकी काय आहे, याचा फलकही डोळ्यांसमोर असावा. युरोपीय संघाच्या नियमांत अशा १४ घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. ज्या देशांत असा नियम नाही, तिथल्या क्लबांनी तो स्वतःहून पाळायला काहीच हरकत नाही, कारण ॲलर्जी झालेल्या माणसाला चाळीस हजारांच्या गर्दीतून बाहेर काढणे किती अवघड असते, हे तुमच्या वैद्यकीय पथकाला चांगले ठाऊक आहे.

मांस न खाणाऱ्यांचाही विचार व्हावा. इंग्लंडमधील फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या क्लबाने अध्यक्ष डेल विन्स यांच्या कारकिर्दीत आपल्या मैदानावरचे सगळे खाणे प्राणिजन्य पदार्थांपासून मुक्त केले, तेही एका छोट्या गावातला, खालच्या विभागात खेळणारा क्लब असताना. प्रत्येकाने तसेच करावे असे मी म्हणणार नाही. चाहत्याला आवडणारा पदार्थ त्याच्यापासून हिरावून घेणे मला योग्य वाटत नाही. पण शाकाहारी माणसाच्या वाट्याला फक्त तळलेले बटाटे यावेत, ही स्थिती बदलता येते, एवढे त्या उदाहरणावरून नक्की दिसते.

या सगळ्याचा गर्दीच्या वागण्याशी संबंध आहे, आणि हे माझे एकट्याचे मत नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली आणि तिच्या मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. त्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात इंग्लंडमधल्या मैदानांच्या अवस्थेचे जे वर्णन केले, त्यात खाण्यापिण्याची तुटपुंजी आणि सुमार सोय, ती विकण्याच्या जागांची अस्वच्छता आणि शौचालयांची दुर्दशा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माणसांना अशा अवस्थेत ठेवले की त्यांची वागणूकही खालावते आणि इतर गैरवर्तनही मग तितकेसे विसंगत वाटत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. एवढ्या मोठ्या शोकांतिकेचा विचार करताना एका न्यायाधीशाला खाण्याच्या टपऱ्यांवर लिहावेसे वाटले, याची दखल तुम्ही घ्यावी अशी माझी विनंती आहे.

हिल्सबरोची दुसरी बाजू बिअरशी निगडित आहे. दुर्घटनेनंतर लगेचच पोलिसांकडून दारू प्यायलेल्या प्रेक्षकांकडे बोट दाखवले गेले. मृतांच्या, त्यांत मुलेही होती, रक्तातले मद्याचे प्रमाण तपासण्यात आले. टेलर यांनी १९८९ मधल्या अंतरिम अहवालातच पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण म्हणून नोंदवले होते. २०१२ साली स्वतंत्र समितीने मद्याचा आरोप निराधार ठरवला आणि २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचा आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात वाटा नसल्याचा निर्णय दिला. त्या कुटुंबांना सत्तावीस वर्षे थांबावे लागले. म्हणून गर्दीत काही बिघडले की आधी बिअरकडे बोट दाखवण्याची सवय मला धोकादायक वाटते. तिच्या आडोशाला दारांची रुंदी, जिन्यांची रचना आणि नियोजनातल्या चुका लपून राहतात.

याचा अर्थ बिअरमुळे कधी काही बिघडत नाही असा मुळीच नाही. १० मे १९८० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातील स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतर प्रेक्षक मैदानात उतरून एकमेकांवर धावून गेले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या मैदानांवर मद्याला बंदी आली. इंग्लंडने १९८५ साली कायदा करून, मैदान दिसत असेल अशा जागी बसून मद्य पिण्यास मनाई केली. त्या काळची हिंसा पाहता हे कायदे का झाले ते समजते. परंतु इंग्लंडमधल्या नियमाचा परिणाम काय झाला, तेही पाहायला हवे. जागेवर बसून सावकाश पिण्याची मुभा नाही म्हणून माणूस सामन्याआधी भराभर पितो आणि मध्यंतरात दाटीच्या जागेत उभ्याउभ्या घटाघटा संपवतो. ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ साली चाहत्यांच्या बाजूने झालेल्या, इंग्लंडमधल्या फुटबॉल कारभाराच्या पुनरावलोकनाने हीच अडचण नोंदवून खालच्या विभागांत मर्यादित प्रयोग करून पाहण्याची शिफारस केली होती. रग्बी आणि क्रिकेटच्या प्रेक्षकांवर तिथे असे बंधन नाही, हे लक्षात घेतले की फुटबॉलच्या चाहत्याला आपल्यावरचा अविश्वास का सलतो ते कळते.

बिअर विकलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. जिथला कायदा किंवा समाज तिला नकार देतो, तिथे ती नसावी आणि पाहुण्या प्रेक्षकांनी ते मानावे. माझा आक्षेप नियम कसे ठरतात याला आहे. ब्राझीलमधल्या स्टेडियममध्ये मद्यविक्रीला बंदी होती. २०१४ च्या विश्वचषकासाठी फिफाने आग्रह धरून ती बाजूला सारायला लावली, कारण बिअर कंपनी प्रायोजक होती. २०२२ च्या विश्वचषकात कतारमध्ये नेमके उलट घडले. उद्घाटनाचा सामना २० नोव्हेंबरला होता आणि १८ नोव्हेंबरला जाहीर झाले की स्टेडियमच्या आवारात मद्ययुक्त बिअर मिळणार नाही, फक्त बिनमद्याची मिळेल. पाहुणचाराच्या महागड्या कक्षांत मात्र मद्य चालू राहिले. एका वेळी प्रायोजकासाठी यजमान देशाचा कायदा वाकवला, दुसऱ्या वेळी यजमानांसाठी दोन दिवस आधी शब्द फिरवला, आणि दोन्ही वेळा तिकीट काढून आलेल्या माणसाला कोणी विचारले नाही. युरोपचा फुटबॉल महासंघ असलेल्या युएफाने २०१८ साली आपल्या स्पर्धांमध्ये, स्थानिक कायद्याच्या अधीन राहून, सामान्य प्रेक्षकांना मद्य विकण्याची परवानगी दिली, तो बदल त्यामानाने सरळ होता : नियम हंगामाआधी जाहीर झाला आणि सगळ्यांना माहीत होता.

कक्षांचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त टोचतो. फ्रान्समध्ये १९९१ च्या एव्हँ कायद्यानुसार क्रीडास्थळी मद्यविक्रीवर सर्वसाधारण बंदी आहे, तरी पाहुणचाराच्या कक्षांत ग्लास भरले जातात. मद्याने माणूस बेफाम होतो, हे बंदीमागचे कारण असेल, तर ते काचेच्या मागे बसलेल्या माणसालाही लागू पडते. कारण दुसरेच काही असेल तर ते स्पष्ट सांगावे. एकाच छताखाली, एकच सामना पाहताना, तिकिटाच्या किमतीवरून कोणाच्या हातात पेला द्यायचा आणि कोणाच्या नाही हे ठरत असेल, तर त्याला सुरक्षेचे नाव देऊ नये. नियम असेल तर तो वरच्या कक्षात आणि खालच्या रांगांत सारखाच असावा.

जिथे बिअर विकली जाते, तिथे ती विकण्याची शिस्तही पाळली जावी. ५ टक्के मद्यांशाच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्य असते. हे प्रमाण आणि पेल्याचे माप किमतीच्या शेजारी लिहिलेले असावे, म्हणजे किती घ्यायचे हे माणसाला स्वतः ठरवता येईल. तणावाच्या सामन्यांसाठी कमी मद्यांशाची बिअर ठेवण्याचा मार्ग मला सरसकट बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. युरो २०२४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेत गेल्सेनकिर्खेनला इंग्लंड-सर्बिया सामन्यासाठी अशीच सौम्य बिअर ठेवली होती. बिनमद्याची बिअर केवळ नावापुरती एका काउंटरवर न ठेवता सर्वत्र, थंड आणि कमी दरात मिळावी. प्रेक्षागाराचा एक भाग मुलांसह येणाऱ्यांसाठी मद्यमुक्त राखलेला असावा. आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने एखाद्याला आणखी देण्यास नकार दिला तर त्याच्या पाठीशी व्यवस्थापन उभे राहावे. बरेचदा ही मुले एका दिवसाच्या रोजंदारीवर आलेली असतात, त्यांना तासाभराचेही प्रशिक्षण मिळालेले नसते आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र त्यांनाच खाव्या लागतात.

बिअरच्या चवीबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्यांत यीस्ट, जिवाणू आणि क्षारांचे थर साचतात. त्या दर एक-दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत असते. स्टेडियममध्ये दोन सामन्यांमध्ये कधी कधी तीन-तीन आठवडे जातात आणि हंगामाच्या मधल्या सुट्टीत तर महिने जातात. नळीत राहिलेली ती बिअर काढून टाकून नळी न धुता पहिल्या सामन्याला तसाच नळ सोडला, की आंबूस, बुळबुळीत चवीचा पेला हाती येतो, आणि तो पिणाऱ्याला वाटते की ब्रँडच वाईट. नळी साफ केल्याची तारीख काउंटरवर लावणे हे काम अत्यंत सोपे आहे. बिअर तीन-चार अंशांवर न राहता कोमट झाली की फेस जास्त येतो, माप कमी भरते आणि रांग थांबते, म्हणजे थंडाव्यात केलेली कसर तुम्हालाच महागात पडते.

पेल्यांबाबत जर्मनीतल्या अनेक स्टेडियमांनी घालून दिलेला पायंडा उचलावा. तिथे बिअर टिकाऊ, धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या पेल्यात मिळते, त्यावर अनामत घेतात आणि पेला परत केला की ती परत देतात. सामना संपल्यावर पायाखाली चुरडलेल्या प्लास्टिकचा खच उरत नाही. मात्र अनामत परत घेण्याच्या खिडक्याही पुरेशा हव्यात. शेवटची गाडी गाठायची आहे म्हणून माणसाने अनामत सोडून द्यावी, अशा बेताने ही योजना आखली तर ती दरवाढच ठरेल.

तुमच्या खाद्यसेवेचे कंत्राट जेव्हा नव्याने होईल, तेव्हा त्यात पुढील अटी लेखी घालाव्यात, एवढी माझी मागणी आहे : मोफत पाण्याचे नळ, मध्यंतरातल्या रांगेचा कमाल कालावधी आणि तो ओलांडल्यास दंड, किमान एक पोटभरीचा पदार्थ बाहेरच्या बाजारभावाच्या आसपास, तापमानाच्या आणि नळ्या धुतल्याच्या उघड नोंदी, आणि मद्याबाबत सर्व प्रेक्षकांना एकच नियम. कंत्राटाची बोली लावणाऱ्यांना हे आधीच माहीत असेल तर ते त्याप्रमाणे दर लावतील. क्लबाचा वाटा थोडा कमी होईल, तो होऊ द्यावा. कंत्राट ठरवणाऱ्या बैठकीत साध्या तिकिटाच्या प्रेक्षकांचे दोन प्रतिनिधी असावेत, आणि निर्णय हंगाम सुरू होण्यापूर्वी, तिकिटे विक्रीला येण्याआधी, जाहीर व्हावा. तुमच्या स्टेडियममध्ये यांपैकी काय आधीपासून आहे, काय करता येईल आणि काय करता येणार नाही, याचे लेखी उत्तर तुम्ही आपल्या प्रेक्षकांना द्यावे, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
साध्या रांगेतला एक नियमित प्रेक्षक